स्वसंरक्षण आणि जादा काडतुसे : अमेरिकेतील एका युक्तिवादाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी वृत्तपत्रांतील गुन्हेविषयक बातम्यांत ‘एक गावठी पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे जप्त’ हे वाक्य वाचकाच्या चांगल्या परिचयाचे आहे. येथे काडतुसांची संख्या ही पंचनाम्यातील नोंद असते आणि तिचा संबंध गुन्ह्याच्या पुराव्याशी असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र हीच संख्या कायदा पाळणाऱ्या सर्वसामान्य नागरिकाच्या दैनंदिन निर्णयाचा विषय ठरली आहे. स्वसंरक्षणासाठी कपड्यांआड पिस्तूल बाळगणाऱ्या नागरिकाने पिस्तुलात भरलेल्या गोळ्यांखेरीज आणखी गोळ्या सोबत ठेवाव्यात काय, आणि ठेवायच्या असल्यास किती, या प्रश्नावर तेथील शस्त्रविषयक नियतकालिकांत व प्रशिक्षणवर्गांत अनेक दशके चर्चा चालू आहे. अलीकडच्या काळात ती न्यायालयांपर्यंतही पोहोचली आहे.

वरवर पाहता हा प्रश्न केवळ तांत्रिक वाटतो. वस्तुतः व्यक्तीचा स्वसंरक्षणाचा हक्क, यंत्रावरील विश्वास, संभाव्यतेचे तर्कशास्त्र आणि वाटेवरच्या तिऱ्हाइताची सुरक्षितता असे अनेक प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. नागरिकाने शस्त्र बाळगावे की बाळगू नये हा व्यापक वाद प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेर आहे. जादा काडतुसांचे समर्थक व विरोधक जे युक्तिवाद मांडतात, ते तर्काच्या कसोटीवर कितपत टिकतात, एवढ्याच मर्यादित प्रश्नाची चिकित्सा येथे केली आहे. दोन्ही पक्ष काडतुसे मोजण्यात गुंतले असून झाडलेल्या प्रत्येक गोळीच्या समर्थनाचा प्रश्न त्यामुळे मागे पडतो, हे या चिकित्सेचे मुख्य प्रतिपादन आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी

अमेरिकन राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ साली अस्तित्वात आली. परंतु ती व्यक्तीला स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवण्याचा हक्क देते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे सांगितले ते २००८ च्या ‘हेलर’ खटल्यात. घराबाहेर शस्त्र बाळगण्यापर्यंत या हक्काचा विस्तार २०२२ च्या ‘ब्रूएन’ खटल्याने केला. राज्यांच्या कायद्यांतील बदल मात्र त्याच्या बराच आधी सुरू झाला होता. फ्लोरिडाने १९८७ मध्ये, ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या अर्जदारास परवाना द्यावाच लागेल, असा कायदा केला आणि पुढे अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. २०२४ च्या अखेरीस २९ राज्यांत छुपे शस्त्र बाळगण्यासाठी परवान्याचीही आवश्यकता उरलेली नव्हती.

शस्त्राच्या हक्काबरोबर गोळ्यांच्या संख्येचा प्रश्न ओघानेच आला. १९९४ ते २००४ या काळात केंद्रीय कायद्याने दहापेक्षा अधिक गोळ्या मावणाऱ्या नव्या मॅगझिनच्या विक्रीस बंदी घातली होती. मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणारी, स्प्रिंगच्या दाबाने एकेक गोळी वर सरकवणारी पेटी. मुदत संपल्यावर हा केंद्रीय कायदा लोप पावला, तथापि काही राज्यांनी स्वतःचे निर्बंध कायम ठेवले. न्यूयॉर्कने २०१३ मध्ये याहीपुढे जाऊन, दहा गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये सातच गोळ्या भराव्यात, असा नियम केला. त्या सात या आकड्याला कोणताही आधार दाखवता न आल्याने न्यायालयाने त्याच वर्षी तो रद्द ठरवला आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक नियम मात्र राजधानी वॉशिंग्टनचा होता. तेथील परवानाधारकाला आपले पिस्तूल दोन वेळा पूर्ण भरता येईल एवढ्याच गोळ्या, आणि कोणत्याही परिस्थितीत वीसपेक्षा अधिक नाहीत, अशा मर्यादेत बाळगता येत असत. या नियमाला २०२२ मध्ये आव्हान देण्यात आले व त्यानंतर प्रशासनाने तो मागे घेतला. आज तो अस्तित्वात नसला तरी त्यातील विचार लक्षात घेण्याजोगा आहे. पिस्तूल एकदा पुन्हा भरण्याची गरज पडू शकते, हे शासनाने त्यात मान्य केले होते. दुसरीकडे, पाच गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्यास दहा आणि दहा गोळ्यांचे पिस्तूल बाळगणाऱ्यास वीस गोळ्यांची मुभा मिळत होती. दोघांवर येणारा प्रसंग एकच असला तरी मुभा निराळी होती. म्हणजेच मर्यादा ठरवताना नागरिकावरील संकटाचा विचार झालेला नव्हता, यंत्राच्या क्षमतेचा झाला होता.

समर्थनाचे दोन पदर

जादा काडतुसांच्या समर्थनात दोन सर्वस्वी भिन्न युक्तिवाद एकत्र गुंफलेले आढळतात. ते वेगळे केल्याशिवाय त्यांचे मूल्यमापन करता येत नाही.

पहिला युक्तिवाद यंत्राच्या बिघाडाचा आहे. अर्धस्वयंचलित पिस्तुलात मॅगझिन हा तुलनेने नाजूक भाग असतो. त्याचा पातळ पत्र्याचा वरचा ओठ वाकला, स्प्रिंग थकली किंवा खिशातील धूळ आत गेली, तर गोळी नीट वर सरकत नाही. कधी रिकामे काडतूस अडकून राहते आणि त्यामागे दुसरी गोळी येऊन बसते. अशा वेळी अडकलेले मॅगझिन ओढून टाकणे, नळी मोकळी करणे आणि दुसरे मॅगझिन बसवणे हाच शिकवला जाणारा उपाय आहे. ओढून टाकलेले मॅगझिन अंधारात जमिनीवर शोधणे शक्य नसते. मॅगझिन मुठीत नीट न बसल्याने पहिल्याच गोळीनंतर गळून पडण्याचेही प्रसंग येतात. हा युक्तिवाद किती गोळ्या लागतील याविषयी काहीच सांगत नाही. मोटारीत एक जादा चाक ठेवण्यामागे जो विचार असतो, तोच येथे आहे. त्यामुळे त्याला स्वाभाविक मर्यादाही आहे, कारण एक जादा मॅगझिन ठेवले की ही गरज भागते. रिव्हॉल्व्हरला मॅगझिन नसल्याने त्याच्या बाबतीत हा युक्तिवाद बव्हंशी लागूच होत नाही.

दुसरा युक्तिवाद संख्येचा आहे. हल्लेखोर एकाहून अधिक असतील, भीतीने हात थरथरेल, गोळ्या चुकतील, लागलेली गोळीही हल्लेखोराला तत्काळ थांबवणार नाही. म्हणून गोळ्या जितक्या अधिक तितके बरे. ‘जवळ असून गरज न पडणे हे गरज असून जवळ नसण्यापेक्षा चांगले’ असे त्याचे सूत्र सांगितले जाते. या सूत्राची अडचण अशी की त्याला शेवट नाही. एका जादा मॅगझिनचे ते जेवढे समर्थन करते तेवढेच तिसऱ्याचे, चौथ्याचे आणि दुसऱ्या पिस्तुलाचेही करते. व्यवहारात बहुतेक लोक एका मॅगझिनवर थांबतात, ते वजन, कपडे आणि कंबरेवरची जागा यांमुळे, युक्तिवादामुळे नव्हे. ज्या तर्काला स्वतःची मर्यादा सांगता येत नाही, तो निर्णयाला आधार देऊ शकत नाही. तो आधीच घेतलेल्या निर्णयाला फक्त दिलासा देतो.

प्रत्यक्ष लेखनात हे दोन युक्तिवाद सोयीनुसार एकमेकांची जागा घेतात. संख्येच्या युक्तिवादावर शंका घेतली की बिघाडाचा पुढे येतो, आणि तो मान्य झाला की त्याच्या आडून संख्येचाही मान्य झाल्याचे गृहीत धरले जाते.

पोलिसी अनुभवाचा उसना आधार

संख्येच्या युक्तिवादाला पुरावा म्हणून ज्या घटना वारंवार सांगितल्या जातात, त्यांपैकी बहुतेक पोलिसांच्या आहेत. ६ एप्रिल १९७० रोजी कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे दोन गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत महामार्ग पोलिसांचे चार तरुण अधिकारी काही मिनिटांत मारले गेले. त्या काळी हे अधिकारी रिव्हॉल्व्हर वापरीत आणि जादा गोळ्या पट्ट्यावरील लहान पिशवीत सुट्या ठेवीत. चकमकीच्या धामधुमीत एकेक गोळी हाताने भरणे जिवावर बेतणारे होते. त्यानंतर सर्व गोळ्या एकदम भरता येणारे स्पीडलोडर स्वीकारण्यात आले. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे एफबीआयच्या आठ अधिकाऱ्यांची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी गाठ पडली. दोन अधिकारी ठार झाले, पाच जखमी झाले. जखमी हाताने रिव्हॉल्व्हर पुन्हा भरणे किती दुष्कर असते, याचा कटू अनुभव या चकमकीने दिला आणि एफबीआयची वाटचाल अर्धस्वयंचलित पिस्तुलांकडे झाली.

तिसरी घटना इलिनॉय राज्यातील स्कोकी येथील आहे. २००८ मध्ये एका पोलीस अधिकाऱ्याने बँक लुटून पळणाऱ्या गुन्हेगारावर ३३ गोळ्या झाडल्या. त्यांपैकी १७ लागल्या, तरी गुन्हेगार बराच वेळ प्रतिकार करीत राहिला. चकमक संपली तेव्हा अधिकाऱ्याजवळ चारच गोळ्या उरल्या होत्या. त्यानंतर हा अधिकारी कामावर असताना रोज १४५ गोळ्या बाळगू लागला. शस्त्रविषयक लेखनात हा आकडा आवर्जून सांगितला जातो.

या घटना खऱ्या आहेत आणि त्यांतील धडेही खरे आहेत. प्रश्न आहे तो त्या नागरिकाला लागू करण्याचा. पोलिसाला गुन्हेगाराचा पाठलाग करावा लागतो, त्याला अडवावे लागते, माघार घेणे हा त्याच्या कर्तव्याचा भाग नसतो. नागरिकाचे प्रयोजन याच्या उलट आहे. हल्ला थांबावा किंवा आपल्याला तेथून निसटता यावे, एवढेच त्याला साधायचे असते. स्कोकीच्या अधिकाऱ्याची ती चकमक त्याने गुन्हेगाराला गाठल्यामुळे घडली. नागरिकाने त्याच्या जागी असण्याचे कारणच नव्हते. कर्तव्याचे स्वरूप वेगळे असताना सामग्रीचे प्रमाण मात्र तेच घ्यावे, असे म्हणण्यात साधर्म्याचा दोष आहे.

न्यूहॉलच्या घटनेशी निगडित एक आख्यायिकाही येथे नोंदवणे आवश्यक आहे. मृत अधिकाऱ्यांपैकी एकाच्या खिशात रिकामी काडतुसे सापडली, कारण सरावाच्या मैदानावर ती गोळा करून खिशात टाकण्याची त्याला सवय होती, असे पिढ्यान्‌पिढ्या प्रशिक्षणार्थींना सांगितले गेले. पुढे झालेल्या तपशीलवार अभ्यासात ही काडतुसे जमिनीवरच पडलेली होती असे स्पष्ट झाले. बोधप्रद गोष्ट खऱ्या घटनेपेक्षा अधिक काळ टिकते, हे यातून दिसते. ज्या साहित्यप्रकारात अनुभवकथन हाच मुख्य पुरावा असतो, तेथे ही सावधगिरी अधिकच हवी.

सरासरीचा प्रतिवाद आणि त्याची उणीव

विरोधी पक्षाचे मुख्य साधन सरासरी हे आहे. कॅलिफोर्नियाच्या मॅगझिनविषयक कायद्यावरील खटल्यात राज्याच्या वतीने एक विश्लेषण सादर झाले. नॅशनल रायफल असोसिएशनच्याच ‘आर्म्ड सिटिझन’ या सदरातील जानेवारी २०११ ते मे २०१७ या काळातील ७३६ घटना त्यासाठी तपासल्या गेल्या. त्यांत नागरिकाने झाडलेल्या गोळ्यांची सरासरी २.२ निघाली आणि दहापेक्षा अधिक गोळ्या झाडल्याच्या घटना अवघ्या दोन आढळल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शस्त्रधारकांच्या एका मोठ्या सर्वेक्षणात तर सुमारे ८२ टक्के प्रसंगी एकही गोळी झाडावी लागली नाही, असे उत्तरदात्यांनी सांगितले. हे सर्वेक्षण शस्त्रधारकांच्या स्वकथनावर आधारलेले असल्याने त्यावर आक्षेप घेतले गेले. तरीही शस्त्रहक्काच्या समर्थकांकडून उद्धृत होणाऱ्या या सर्वेक्षणाचा कल विरोधकांच्या म्हणण्याला पूरक ठरतो, ही बाब लक्षणीय आहे.

तथापि या आकडेवारीवरून जादा काडतुसे निरर्थक आहेत, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पहिले कारण निवडीचे आहे. एका संघटनेने वृत्तपत्रांतून वेचलेल्या यशकथा म्हणजे सर्व घटनांचा नमुना नव्हे. ज्याच्या गोळ्या संपल्या आणि जो मारला गेला, त्याची कथा अशा सदरात येण्याचा संभव कमी. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. सरासरी ही नेहमीच्या प्रसंगाविषयी बोलते, तर सावधगिरी ही विरळ प्रसंगासाठी असते. बहुसंख्य घरांना आग लागत नाही म्हणून अग्निशामक साधन निरुपयोगी ठरत नाही. ज्याला शस्त्राची गरज भासण्याची शक्यताच अत्यल्प आहे, त्याने ते बाळगले, म्हणजे त्याने विरळ प्रसंगाचा विचार केलाच आहे. अशा माणसाला सरासरी ऐकवणे हे त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

मात्र समर्थकांनी घेतलेला विम्याचा दाखलाही अपुरा आहे. विम्याचा हप्ता भरणारा स्वतःचे पैसे खर्च करतो. अग्निशामक साधनातील फवारा शेजाऱ्याला जखमी करीत नाही. गोळीचे तसे नाही. विरळ प्रसंगासाठी बाळगलेली गोळी प्रत्यक्ष झाडली गेली, तर तिची किंमत चुकवणारा कोणी तिसराच असू शकतो. ही बाजू दोन्ही पक्षांच्या गणितात क्वचितच धरली जाते.

दोन-तीन सेकंदांची विसंगती

या वादातील सर्वांत मोठी तार्किक विसंगती मॅगझिन बदलण्यास लागणाऱ्या वेळेबाबत आढळते. सराव असलेल्या माणसाला मॅगझिन बदलण्यास दोन-तीन सेकंद लागतात, नवख्याला अधिक.

मॅगझिनच्या आकारावरील निर्बंधांना विरोध करणारे म्हणतात की बदलण्यास इतका कमी वेळ लागतो की निर्बंधामुळे सामूहिक हत्या करणाऱ्याला काहीच फरक पडत नाही. हेच लोक पुढच्या परिच्छेदात म्हणतात की स्वसंरक्षण करणाऱ्या नागरिकाला या दोन-तीन सेकंदांत प्राण गमवावे लागतील, म्हणून त्याला मोठे मॅगझिन हवे. उलट निर्बंधांचे समर्थक म्हणतात की हल्लेखोराने मॅगझिन बदलताना जो अवकाश मिळतो त्यात लोक पळून जाऊ शकतात. आणि तेच असेही म्हणतात की नागरिकाला दहा गोळ्यांनंतर मॅगझिन बदलावे लागले तरी त्याच्यावर विशेष ओझे पडत नाही. म्हणजे तीच दोन-तीन सेकंदे एका वाक्यात नगण्य आणि दुसऱ्या वाक्यात निर्णायक ठरतात. दोन्ही पक्षांनी हे केले आहे.

घटना काय सांगतात? ८ जानेवारी २०११ रोजी अ‍ॅरिझोनातील टूसॉन येथे खासदार गॅब्रिएल गिफर्ड्‌स यांच्या सभेत एका तरुणाने ३३ गोळ्यांच्या मॅगझिनमधून गोळीबार केला. सहा जण ठार व तेरा जण जखमी झाले. मॅगझिन बदलण्याच्या क्षणी उपस्थितांनी त्याच्यावर झडप घातली आणि एका वयस्क स्त्रीने नवे मॅगझिन त्याच्या हाती लागण्यापूर्वीच उचलून घेतले. येथे तो अवकाश निर्णायक ठरला. परंतु तो निर्णायक ठरला याचे कारण सभोवती हाताच्या अंतरावर माणसे होती. रस्त्यावर दोघांत घडणाऱ्या झटापटीत बचाव करणाऱ्यालाही तोच अवकाश घातक ठरू शकतो. म्हणून या सेकंदांना स्थिर मूल्य नाही. अंतर, आडोसा, उपस्थितांची संख्या आणि हातांची स्थिती यांनुसार ते बदलते. कॅलिफोर्नियाचा कायदा वैध ठरवणारा नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाचा मार्च २०२५ चा बहुमताचा निर्णय असो वा त्यातील अल्पमत असो, हा वाद न्यायालयीन पातळीवरही संपूर्णपणे मिटलेला नाही याचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

खिशातील जादा मॅगझिन या विसंगतीच्या नेमके मध्यभागी उभे आहे. मॅगझिन बदलणे सोपे असेल, तर पिस्तुलातील मॅगझिनच्या आकाराचा आग्रह धरण्याचे कारण उरत नाही. ते अवघड असेल, तर जादा मॅगझिनचा उपयोग समर्थक सांगतात त्याहून पुष्कळ कमी आहे. दोन्ही लाभ एकाच वेळी मागता येणार नाहीत.

पिस्तूल रिकामे होते तेव्हा

गोळ्या संपणे हे नेहमी बचाव करणाऱ्याचे दुर्दैव मानले जाते. दोन खटल्यांतून याची दुसरी बाजू दिसते.

२२ डिसेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गेट्‌झ या प्रवाशाकडे चार तरुणांपैकी एकाने पाच डॉलर मागितले. त्याने विनापरवाना बाळगलेल्या रिव्हॉल्व्हरमधून पाच गोळ्या झाडून चौघांनाही जखमी केले. त्यांपैकी एक तरुण कायमचा अपंग झाला. पुढे पोलिसांना दिलेल्या जबानीत गेट्‌झने, गोळ्या अधिक असत्या तर आपण झाडतच राहिलो असतो, अशा आशयाची कबुली दिली. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने या प्रकरणात एक महत्त्वाचे तत्त्व स्पष्ट केले. आरोपीला प्रामाणिकपणे भीती वाटली एवढे पुरेसे नाही, त्याच्या परिस्थितीतील समंजस माणसालाही ती वाटली असती काय, हे पाहिले पाहिजे. १९८७ मध्ये ज्यूरीने त्याला हत्येच्या प्रयत्नातून निर्दोष मुक्त केले व केवळ बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरवले. १९९६ मध्ये मात्र दिवाणी न्यायालयातील ज्यूरीने अपंग झालेल्या तरुणाला ४ कोटी ३० लाख डॉलर भरपाई देण्याचा निर्णय दिला. या प्रकरणात गोळीबार विवेकाने थांबला नाही, रिव्हॉल्व्हरच्या रिकाम्या चक्रीने थांबला. जादा काडतुसे जवळ असती तर काय झाले असते, याचे उत्तर त्याने स्वतःच दिले होते.

दुसरे प्रकरण २००९ चे, ओक्लाहोमा सिटीतील आहे. औषधाच्या दुकानावर दरोडा घालण्यास आलेल्या दोघांपैकी एकाला दुकानातील औषधविक्रेत्याने डोक्यात गोळी मारून पाडले. दुसरा पळाला. त्याचा पाठलाग करून परतल्यावर औषधविक्रेत्याने दुसरे पिस्तूल काढले आणि जमिनीवर निपचित पडलेल्या त्या सोळा वर्षांच्या मुलावर आणखी पाच गोळ्या झाडल्या. पहिली गोळी स्वसंरक्षणार्थ होती, हे सरकार पक्षानेही मान्य केले. नंतरच्या पाच गोळ्यांसाठी २०११ मध्ये तो खुनाचा दोषी ठरला व त्याला जन्मठेप झाली. दुसरे पिस्तूल म्हणजे जादा काडतुसांचेच एक रूप होय. कायद्याच्या दृष्टीने पहिल्या आणि दुसऱ्या गोळीत काही सेकंदांचे अंतर होते, पण न्यायाच्या दृष्टीने ते बचाव आणि खून यांमधील अंतर ठरले.

यावरून जादा काडतुसे माणसाला खुनी बनवतात, असा अर्थ काढणे चुकीचे होईल. कोट्यवधी काडतुसे कोणाच्या तरी पट्ट्यावर जातात आणि न वापरता घरी परत येतात. या प्रकरणांचा अर्थ एवढाच की कायदा गोळ्या मोजत नाही, तो प्रत्येक गोळीचे कारण विचारतो. धोका संपला की बळाचा हक्कही संपतो, मग पिस्तुलात गोळ्या उरलेल्या असोत वा नसोत. मसाद अयूब यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘इन द ग्रॅव्हेस्ट एक्स्ट्रीम’ या पुस्तकात नागरिकाच्या या कायदेशीर जबाबदारीला केंद्रस्थान दिले होते. म्हणजे संयमाचा हा विचार बाहेरून आणावा लागत नाही, तो या साहित्यपरंपरेतच आहे. सामग्रीच्या चर्चेत तो मागे पडतो, एवढेच.

चुकलेल्या गोळ्यांचा हिशेब

गोळ्या चुकतात म्हणून अधिक गोळ्या हव्यात, असे समर्थक म्हणतात. या विधानाचा पूर्वार्ध सत्य आहे. न्यूयॉर्क पोलिसांविषयीच्या रँड संस्थेच्या २००८ च्या अहवालानुसार, १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळीबार होत असताना प्रशिक्षित पोलिसांच्या सरासरी १८ टक्के गोळ्याच लक्ष्यावर लागल्या. समोरून गोळीबार होत नसतानाही हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते. नागरिकांना हे प्रमाण जसेच्या तसे लागू करता येणार नाही, कारण नागरिकाचे प्रसंग सामान्यतः अधिक जवळून घडतात. तरीही उत्तरार्ध तपासण्यास हे आकडे पुरेसे आहेत. चुकलेली गोळी नाहीशी होत नाही. २४ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीजवळ दोन पोलिसांनी एका सशस्त्र इसमावर १६ गोळ्या झाडल्या. तेथे जखमी झालेले नऊही पादचारी पोलिसांच्याच गोळ्यांनी वा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाले. नेम चुकण्यावरील उपाय म्हणून गोळ्या वाढवल्या, तर चुकलेल्या गोळ्याही त्याच प्रमाणात वाढतात.

याच्याशी १७ जुलै २०२२ ची इंडियानातील ग्रीनवुड येथील घटना ताडून पाहता येईल. एका मॉलमध्ये हल्लेखोराने तिघांना ठार केल्यावर तेथे आलेल्या बावीस वर्षांच्या सशस्त्र तरुणाने सुमारे चाळीस यार्डांवरून दहा गोळ्या झाडल्या. त्यांपैकी आठ लागल्या आणि हल्ला थांबला. खऱ्या अर्थाने दुर्मिळ आणि भीषण अशा या प्रसंगातही निर्णायक ठरला तो नेम, आडोसा आणि शांत चित्त. त्याआधीच्या वर्षी, २१ जून २०२१ रोजी, कोलोराडोतील आरवाडा येथे एका नागरिकाने हल्लेखोराला असेच थांबवले. परंतु हल्लेखोराची रायफल उचलत असताना घटनास्थळी आलेल्या पोलिसाने त्यालाच हल्लेखोर समजून गोळी घातली व तो मरण पावला. एकाला जी सिद्धी लाभली आणि दुसऱ्याला जे संकट ओढवले, त्यांपैकी कशाचाही संबंध खिशातील जादा मॅगझिनशी नव्हता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. यंत्राच्या बिघाडावर आधारलेला युक्तिवाद सयुक्तिक आहे. अर्धस्वयंचलित पिस्तूल बाळगणाऱ्याने एक जादा मॅगझिन ठेवणे यात अतिरेक नाही. या युक्तिवादाला स्वतःची मर्यादा आहे, हेच त्याचे बळ होय.

२. संख्येवर आधारलेला युक्तिवाद दुर्बल आहे. त्याला शेवट नाही आणि त्याचे दाखले मुख्यतः पोलिसी कर्तव्यातून उसने घेतलेले आहेत.

३. सरासरीवर आधारलेला प्रतिवादही अपुरा आहे, कारण विरळ प्रसंगासाठीच्या सावधगिरीला सरासरीने उत्तर देता येत नाही. सात, दहा किंवा वीस हे आकडे शासनाने ठरवले तरी त्यामागील तर्क सांगण्याचे दायित्व शासनावर राहतेच.

४. मॅगझिन बदलण्याच्या वेळेबाबत दोन्ही पक्ष परस्परविरोधी गृहीतके वापरतात. ही विसंगती दूर केल्याशिवाय कोणताही कायदेविषयक निष्कर्ष विश्वसनीय ठरणार नाही.

५. किती गोळ्या बाळगल्या यापेक्षा किती झाडल्या, का झाडल्या आणि त्या कोठे गेल्या, हे प्रश्न नीतीच्या व न्यायाच्या दृष्टीने अधिक मूलभूत आहेत.

जादा मॅगझिन ही वस्तू काही औंस वजनाची आहे. ते पट्ट्यावर अडकवायला क्षणही लागत नाही, आणि सुरक्षिततेची भावना देणारा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. नेम साधण्याचा सराव, प्रसंग टाळण्याची बुद्धी, योग्य क्षणी हात थांबवण्याचे बळ या गोष्टींना मात्र वेळ आणि शिस्त लागते. स्वस्त उपायाने महाग उपायाची जागा घेतली, तर शस्त्रधारी नागरिक पूर्वीपेक्षा अधिक सज्ज दिसेल, पण अधिक सुरक्षित असेलच असे नाही, आणि त्याच्या शेजारून जाणारा निःशस्त्र पादचारी तर नक्कीच नसेल. या वादात त्या पादचाऱ्याची बाजू मांडणारा पक्ष क्वचितच दिसतो. त्याच्या बाजूने विचार केल्याखेरीज जादा काडतुसांविषयीची कोणतीही चर्चा पूर्ण होणार नाही.